हिवरवाडी मालनला परत

मी, श्रीमती उत्तरा आनंद कारखानीस, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार नौपाडा, ठाणे, आज रविवार दिनांक २ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाचंही दडपण नसताना हे मृत्युपत्र लिहायला घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराचं तेवढं म्हणता येणार नाही. चोवीस तारखेला हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर ज्या गोड आवाजात 'काही होत नाही हो आजी' म्हणाले, तो आवाज ऐकून मी येतानाच मृत्युपत्रासाठी लेजर पेपर विकत घेतले. छत्तीस वर्षं आवाज ऐकून पोट भरलं आहे. गोड आवाज मला बरोब्बर कळतो.

आमच्याच आळीतले वकील मुकुल गुप्ते यांनी मला छापील नमुना दिला आणि सांगितलं, काकू, फक्त मालमत्तेचं लिहा, मनातलं लिहू नका. मनातलं लिहायचं नसेल तर मृत्युपत्र कशाला, वाण्याची यादी पुरे झाली असती. मी दोन्ही लिहिणार आहे. मुकुल या मृत्युपत्राचा व्यवस्थापक राहील आणि त्याने माझी एकही ओळ गाळू नये.

कलम १. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. पोहे ठेवते त्या डब्यात एक चिठ्ठी सापडेल. ती मी रागात लिहिली होती, ती रद्द समजावी.

कलम २. नौपाड्यातली माझी दोन खोल्यांची जागा, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ही माझे पती कै. आनंद आणि मी दोघांच्या स्वकष्टाची आहे. ती माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा साकेत याची राहील. साकेत कोलशेतला एकोणतिसाव्या मजल्यावर राहतो, त्याला या जागेचं काय करायचं ते तो ठरवील. फक्त एक विनंती आहे, अट नव्हे. इमारत उभी आहे तोवर हॉलमधला टीव्ही हलवू नये, आणि रविवारी सकाळी दहा ते एक हॉल मोकळा ठेवावा. का, ते पुढे कळेल.

कलम ३. बँकेत जे असेल ते साकेतचं. आकडे पासबुकात आहेत, ते इथे उतरवून मी हात दुखवून घेणार नाही.

कलम ४. माझ्या पाटल्या आणि मोत्याची नथ सून रुचिता हिला. रुचिता, तू माझ्याकडून कानवले शिकली नाहीस याचा मला राग नाही. तू 'शिकेन' म्हणत नऊ वर्षं काढलीस, त्याचा आहे. वालाच्या बिरड्याची कृती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, निदान ती तरी वाच.

कलम ५. सोसायटीचे सेक्रेटरी बाबुराव यांना माझ्यातर्फे कापसाचा एक मोठा गठ्ठा द्यावा. चार वर्षांपूर्वी त्यांनी दार वाजवून विचारलं होतं, "रविवारी सकाळी तीन म्हाताऱ्या बायका एवढ्या कशाला ओरडतात?" त्यांना मी तेव्हा सांगितलं की भजन चालू आहे. ते खोटं होतं. आम्ही एकमेकींची गावं लुटत होतो. कापूस कानात घालण्यासाठी आहे, कारण माझ्यामागेही त्या घरात आरडाओरडा व्हावा अशी माझी इच्छा आहे.

कलम ६. आता मशीनचं. साकेतचं लग्न झालं आणि तो कोलशेतला गेला, तेव्हा टीव्हीला जोडायचं त्याचं खेळाचं मशीन इथेच राहिलं. एके दिवशी माझ्या दोन मैत्रिणी आल्या असताना केबल गेली, आणि आम्ही सहज ते लावलं. त्यात एक खेळ होता. सारीपाटासारखा पट, पण राज्याएवढा मोठा. फासा टाकायचा, तेवढी घरं चालायची, वाटेत राक्षस भेटला तर लढायचं. राक्षसाच्या तावडीतून गाव सोडवलं की ते आपलं. मग त्या गावाला हवं ते नाव द्यायचं, त्याची तटबंदी बांधायची. आणि दोन गडी एका घरात आले की त्यांचीच लढाई. जिंकणारीने हरणारीचं काहीतरी घ्यायचं. शेवटी जिची गावं मोठी ती राणी. साकेतला फोन केला तर तो म्हणाला, "आई, या गेमपायी कॉलेजात माझे दोन मित्र कायमचे गेले. जपून." मी म्हटलं, आम्ही काय पोरं आहोत का! किती शहाणी मी.

त्या दोघी म्हणजे मालन आणि बायजा. मालन मोहिते शहाडची, माहेर देशावरचं, हिवरवाडी. बायजा भोईर कोलशेत गावठाणातली, साकेतच्या खिडकीतून तिच्या घराची कौलं दिसतात. तिघी एकाच वर्षी, १९७६ साली, ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागलो, आणि आमची बोर्डं शेजारी शेजारी होती. समोर भोकंच भोकं, हातात परगावचे फोन जोडायची कॉर्ड, कानाला हेडसेट. उठायची सोय नाही. उठायचंच झालं तर शेजारणीला म्हणायचं, "माझं बोर्ड बघ गं." आणि बोर्ड बघायचं म्हणजे काय, तर तिच्या नावाने बोलायचं, तिच्यासारखं काम करायचं. चूक झाली तर ती तिच्या नावावर लागणार, म्हणून आपल्या बोर्डापेक्षा जास्त जपायचं. त्र्याऐंशी साली मालन पोटुशी असताना चक्कर येऊन पडली, तेव्हा बायजाने तीन तास दोन बोर्डं चालवली, एकीकडे "बायजा बोलतेय", दुसरीकडे "मालन बोलतेय". सुपरवायझर कमळाबाईंना पत्ता लागला नाही. कमळाबाई इतक्या कडक होत्या की खेळात जो चौथा गडी मशीन स्वतः खेळतं, त्याला आम्ही त्यांचंच नाव दिलं. तो गडीसुद्धा कधी दयामाया दाखवत नाही.

तोच नियम आम्ही खेळात आणला. जी येणार नाही तिची चाल दुसरीने खेळायची, पण ती खेळली असती तशी. स्वतःच्या फायद्याची नाही. आठ वर्षं हा नियम कोणी मोडला नाही. म्हणजे, मी मोडेपर्यंत.

कलम ७. हे कलम लिहिण्यासाठी बाकीची सहा लिहिली.

मालनच्या नावावर आयुष्यात काही झालं नाही. सासरचं घर दिराच्या नावावर, नंतर नवऱ्याच्या कंपनीची खोली. हिवरवाडीच्या जमिनीत हिस्सा होता, तर वडील गेल्यावर तेराव्याच्या गडबडीत भावांनी कागद पुढे केला, "ताई, इथं सही कर, तलाठ्याला द्यायचाय." तिने वाचला नाही. भाऊच ते, वाचायचं काय! तो हक्कसोडीचा कागद होता. एक्स्चेंजमध्ये येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मी तिला फाडफाड बोलले होते, न वाचता सही करतं का कोणी? ती नुसती रडत होती.

खेळाच्या प्रत्येक डावात ती पहिलं गाव सोडवायची आणि त्याला नाव द्यायची हिवरवाडी. तिसरा डाव आम्ही २०२३च्या जानेवारीत मांडला. त्या डावात तिने दीड वर्ष दुसरं काही केलं नाही, दर रविवारी हिवरवाडीला एकेक तट, एक विहीर, एक देऊळ. पटावरचं सगळ्यात मोठं गाव झालं ते. बायजा चिडवायची, "मालन, आता सरपंच व्हशील गो!" मालन लाजायची. सत्तरीची बाई, पण लाजायची.

आणि मला ते डोळ्यात खुपायला लागलं. हो, लिहितेच आता. खेळ मी शिकवला, इंग्रजी सूचना वाचून मी समजावल्या, घर माझं, चहा माझा, आणि आधीच्या दोन्ही डावांत मी शेवटची. कमळाबाईंच्याही मागे. मी चोराचा गडी घेतला होता, कारण साकेत म्हणाला होता की चोर भरभर चालतो.

२१ जुलै २०२४, रविवार. मालनचे यजमान तानाजीराव छातीत दुखतंय म्हणून कल्याणला दवाखान्यात होते. सकाळी तिचा फोन आला. "उत्तरा, मी येत नाही. माझी चाल तू खेळ गं. मी खेळते तशी." आवाज थकलेला होता. तेवढ्यातही तिला चालीची आठवण होती.

मालनचा गडी चेटकीण. तिला चार पडले. पुढे दोन वाटा होत्या. डावीकडे देऊळ, तिथे थांबलं की अंगात ताकद येते. मालन नेहमी देवळातच जाते, हे मला, बायजाला, कमळाबाईंनासुद्धा माहीत आहे. उजवीकडे चौथ्या घरात बायजाचा कुऱ्हाडवाला योद्धा उभा होता. बायजा आत चहा गाळत होती. मी उजवीकडचं बटण दाबलं.

लढाई लागली. बायजा कप घेऊन धावत आली, म्हणाली, "अगो, ही माझ्या अंगावर कशी आली?" मी म्हटलं, "फासा पडला तसा." चेटकीण अर्धमेली होती, दोन घावांत पडली. मग जिंकणारीसाठी यादी आली. तेव्हा बायजाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पडद्यावरची बारीक अक्षरं तिला दिसत नव्हती, वाचायचं काम माझं. यादीत चार ओळी होत्या: शस्त्र घे, ढाल घे, टोपणनाव ठेव, गाव घे. बायजा नेहमी टोपणनावच ठेवते, महिनाभर मालनला 'म्हैस' करून हसत बसते. मी तिला एकच ओळ वाचून दाखवली. म्हटलं, "गाव घे एवढंच आलंय. दाब." तिने दाबलं.

हिवरवाडी बायजाची झाली.

पुढच्या रविवारी मालन आली. तानाजीराव घरी आले होते, ती खूश होती, पिशवीत आमच्यासाठी धपाटे. टीव्ही लावला, गावावर बायजाचा लाल झेंडा. तिने विचारलं, "हे कसं?" मी म्हटलं, फासा. बायजा म्हणाली, "उत्तरानं वाचलं तसा दाबला मी." मालन माझ्याकडे बघेना, बायजाकडे बघत होती. म्हणाली, "बायजा, तुझी गावठाणात चार घरं. माझं एक गाव तुला बघवलं नाही? माझा माणूस दवाखान्यात असताना?" बायजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चार घरा मी चोरली का गो? भावांचा राग माझ्यावर कनाला काढतेस?" एवढं पुरलं. मालन धपाट्यांची पिशवी तशीच ठेवून उठली. बायजा दुसऱ्या जिन्यापर्यंत तिच्याशी भांडत गेली.

आणि मी? मी मूग गिळून बसले. एक वाक्य बोलले असते तर दोघी थांबल्या असत्या. नंतर बोलू म्हटलं. मग दिवाळी गेली, संक्रांत गेली. दोघी मला वेगवेगळे फोन करत, एकमेकींबद्दल तक्रार करत, आणि मी दोघींना म्हणे, "जाऊ दे गं, खेळच तो." माझ्यासारखी निर्लज्ज मीच. मशीनवर फडकं घातलं ते आजपर्यंत काढलेलं नाही. सव्वा वर्षाहून जास्त झालं, रविवारी दहा वाजले की मी दाराकडे बघते. आजही बघितलं. कोणी येणार नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मालन, तुझं बोर्ड मी बघितलं नाही. बायजा, तुझ्या डोळ्यांचा मी गैरफायदा घेतला. तिचं गाव तू घेतलं नाहीस, मी तुझ्या हाताने घेतलं. मला माफ करा असं लिहायची माझी लायकी नाही, पण इच्छा आहे.

कलम ८. टीव्ही, खेळाचं मशीन आणि अर्धवट राहिलेला तिसरा डाव मालन आणि बायजा यांना मिळून द्यावा. मशीन शहाडला मालनकडे आणि तिन्ही रिमोट कोलशेतला बायजाकडे जावेत, म्हणजे एकीवाचून दुसरीला खेळता येणार नाही. टीव्ही हॉलमध्येच राहील. बायजाने आपला योद्धा मालनच्या चेटकिणीसमोर आणून उभा करावा, हातातली कुऱ्हाड काढून ठेवावी आणि हरावं. हिवरवाडी मालनला परत मिळावी. माझ्या चोराची जी दोन फुटकळ गावं आहेत ती बायजाने घ्यावीत. माझा जुना हेडसेटही बायजाला. त्याची दांडी त्र्याऐंशी साली तिनेच चिंधीने बांधून दिली होती.

पुरवणी, दिनांक १० नोव्हेंबर.

वरचं सगळं मी मुकुलला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "काकू, त्या हे वाचणार तुम्ही गेल्यावर. रागवायचं असेल तर कोणावर रागवायचं त्यांनी? फोटोवर?" मला असा संताप आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. कालचं पोर, माझ्या मांडीवर खेळलेलं! तो गेल्यावर तासभर घरात आदळआपट केली. मग खुर्चीत बसून फोन हातात घेतला. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले, पण हा एक नंबर मी दोनदा अर्ध्यावर सोडला.

आधी मालन. मी सगळं सांगितलं, दोन वाटा, चार ओळी, सगळं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू आली. मग तिने विचारलं, "देवळाची वाट दिसत होती ना तुला?" मी म्हटलं, दिसत होती. तिने फोन ठेवला.

मग बायजा. तिने अर्धा तास मला जे झोडपलं ते कागदावर येण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "सव्वा वर्ष मना तिच्या नजरंत चोर केलास गो उत्तरे. आन् वर ऑपरेशन कराला चाललीस, म्हणजे मना नीट शिव्या पण देता येनार नाय!" आणि रडायला लागली. मीही रडले.

दुसरी पुरवणी, गुरुवार दिनांक १३ नोव्हेंबर.

आज सकाळी अकरा वाजता सह्या करायचं ठरलं होतं. दोन साक्षीदार हवेत म्हणून मुकुलने बाबुराव (कापूस मालमत्तेत मोडत नाही म्हणे) आणि खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ सांगून ठेवले होते. त्यांच्याआधी बेल वाजली. दारात बायजा, आणि तिच्या मागे, जिन्याच्या कठड्याला धरून धापा टाकत, मालन. बायजा काल थेट शहाडला गेली होती. तिथे दोघींत काय बोलणं झालं ते मला दोघींनीही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मालन आत आली, माझ्याकडे न बघता खुर्चीत बसली. मुकुलला म्हणाली, "साक्षीदार लागतात ना दोन? आम्ही आहोत."

मुकुल म्हणाला, "मावशी, मृत्युपत्रात ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्षीदार होऊ नये. पुढे भानगड नको. तुमच्या दोघींच्या नावाने आठवं कलम आहे. एक तर ते घ्या, नाहीतर सही करा."

मालन म्हणाली, "आधी वाचू दे."

तिने कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. बोट ठेवून, सावकाश. बाबुराव येऊन दारात उभे राहिले, त्यांना बायजाने घालवून दिलं. चहा गार झाला. सातवं कलम तिने दोनदा वाचलं. तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी मशीनवरच्या फडक्याकडे बघत बसले.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आठवं कलम खोड. हिवरवाडी मला अशी नको. एकदा कागदावर गेली, आता कागदावर परत नको." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुझ्या मरणानंतर तर मुळीच नको, उत्तरा."

माफ केलं असं ती म्हणाली नाही.

म्हणून आठवं कलम मी माझ्या हाताने रद्द करत आहे. मशीन, टीव्ही आणि रिमोट इतर सामानाबरोबर साकेतकडे जातील. दुसऱ्या कलमातली विनंती मात्र कायम आहे. या मृत्युपत्रान्वये मालन मोहिते आणि बायजा भोईर यांना माझ्याकडून काहीही मिळत नाही. हेडसेटसुद्धा नाही. तो बायजाने आत्ताच पिशवीत टाकला आहे. माझ्या हयातीत टाकला आहे, तेव्हा त्याचा या कागदाशी संबंध नाही असं मुकुल म्हणतो.

वर लिहिलेलं सारं माझं आहे, खाडाखोडीसकट. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी. साक्षीदारांनी सहीखाली आणखी काही लिहायचं नसतं असं मुकुलने तीनदा सांगितलं. त्याचं कोणी ऐकलं नाही.

ठिकाण: नौपाडा, ठाणे
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५

सही: उत्तरा आनंद कारखानीस

साक्षीदार पहिली: बायजा भोईर, गावठाण, कोलशेत.
माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. आता सगळ्या ओळी मीच वाचणार. कुऱ्हाड काढून ठेवणार नाही. हिवरवाडी पाहिजे त्याने लढून घ्यावी.

साक्षीदार दुसरी: मालन तानाजी मोहिते, शहाड.
कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग सही केली. रविवारी दहाला येते. माझी चाल मी खेळेन.